लँगवाथ शिट्टीला वळत नाही

(पहिलं पान सारांशासाठी कोरं ठेवायचं, ही सवय प्रयोगशाळेत लागली. ते पान आज, १ ऑक्टोबरला, भरते आहे. पोलिसांना दिला तोच मजकूर.)

१. रविवार, २८ सप्टेंबर रोजी सकाळी माझे वडील एड्विन लँगवाथ, वय अडुसष्ट, ऑर्मबँक गावच्या खाडीकाठच्या बांधावरून एकटेच वाळूवर उतरले.
२. ओहोटी होती. हवा स्वच्छ होती. धुकं नव्हतं.
३. बरोबर वाटाड्या नव्हता. वाटाड्याने त्यांना महिन्याभरापूर्वीच नकार दिला होता.
४. वाळूवरून त्यांनी मला एकदा फोन केला.
५. वाटाड्या पेग टायसन यांनी बांधावरून तीनदा शिट्टी वाजवली. ती त्यांना ऐकू गेली असावी, कारण त्यांनी हात वर केला. ते वळले नाहीत.
६. भरती ठरल्या वेळी आली.
७. ते सापडलेले नाहीत.

९ ऑगस्ट, शनिवार

ही वही सुरू करण्याचं कारण एवढंच की कामाच्या नोंदवहीत घरचं लिहायचं नसतं, आणि या वेळी काम आणि घर वेगळं काढता येणार नाही.

डॅडने कुलसंमेलनाचं पक्कं केलं. सप्टेंबरच्या शेवटी, ऑर्मबँकला. कॅनडा, न्यूझीलंड, लीड्स, जिथे कुठे लँगवाथ आडनावाचा माणूस आहे तिथे पत्रं गेली आहेत. चाळीसेक जण येतील म्हणतो. आयुष्यभर लोकांची घरं विकली, आता स्वतःचं मूळ घर शोधतोय. आई गेल्यापासून हाच उद्योग. कुलवृत्तांताचा मसुदा तीनशे पानांचा झाला आहे आणि त्यात पहिली चाळीस पानं एका नॉर्मन सरदाराची आहेत, ज्याचा लँगवाथ या नावाशी संबंध डॅडच्या इच्छेखेरीज कशानेही सिद्ध होत नाही.

"पोरी, तुझी ती थुंकीची नळी एकदाची घरच्या कामाला येऊ दे," फोनवर म्हणाला. "सगळ्या पुरुषांचे नमुने घे. संमेलनाच्या जेवणात निकाल जाहीर करायचा. एक रक्त, एक नाव!"

मी हो म्हणाले. पितृवंशाची तपासणी हे माझं रोजचंच काम आहे. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं, वाय गुणसूत्रही तसंच जातं. नाव एका माणसापासून निघालं असेल तर ते दिसतं.

आमचं नाव ठिकाणावरून आलेलं आहे. वाथ म्हणजे उतार, पाणी पायी ओलांडायची जागा. लँगवाथ म्हणजे लांब उतार. अशी नावं गाव सोडल्यावरच चिकटतात. गावात राहणाऱ्याला कुणी गावाच्या नावाने हाक मारत नाही. पण लँगवाथ नावाचं गाव नाही. वाडी नाही, शेत नाही, टेकाडही नाही. मी जुने नकाशे बघितले. ते नाव लिहिलेलं आहे ते खाडीच्या मधोमध, वाळूवर. दिवसातून दोनदा ते पाण्याखाली जातं.

तिथे कुणी जन्मलेलं असणं शक्य नाही.

१७ ऑगस्ट

डॅडबरोबर ऑर्मबँकला गेले. चर्चमागच्या दफनभूमीत, समुद्राकडच्या भिंतीला लागून एक रांग आहे. डॅड ती मला दाखवायला उतावीळ झाला होता. तिथे जाऊन त्याने लग्नमंडपाच्या दारात उभं राहावं तसे हात पसरले.

"बघ. आपली माणसं!"

ठेंगणे दगड आहेत. प्रत्येकावर लँगवाथ एवढंच आणि खाली साल. पहिलं नाव एकावरही नाही.

"नावं का नाहीत?" मी विचारलं.

"साधी माणसं होती. तुझ्या आत्यासारखी नव्हती, घराच्या पाटीवर कुत्र्याचंही नाव घालणारी."

सात दगडांवर एकच साल होतं. त्यांतले दोन फारच लहान. मी ते डॅडला दाखवलं.

"साथ आली असेल," तो म्हणाला आणि वाकून प्रत्येक दगडावर हात ठेवत गेला. रांगेच्या टोकाची जागा त्याने पाद्रीसाहेबांना सांगून स्वतःसाठी राखून ठेवली आहे. हे मला आजच कळलं. मोकळी जागा आहे, वारा फार आहे.

२३ ऑगस्ट

आज वाटाड्याला भेटलो. डॅडला संमेलनाच्या रविवारी सगळ्यांना घेऊन वाळू पार करायची आहे, इकडून पलीकडे होमरिगपर्यंत. पेग टायसनच्या घरात हे काम आजोबांपासून आहे. उन्हाळ्यात ती वाळूत डहाळ्या रोवून वाट आखते आणि शे-दोनशे माणसं पलीकडे नेते. एरवी ओहोटीत ट्रॅक्टरमागे जाळं ओढून कोळंबी धरते. पन्नाशीची आहे, आवाज मोठा. अंगणात टोपली घेऊन कोळंबी सोलत बसली होती.

"किती जण?" तिने विचारलं.

"चाळीस."

"म्हातारे?"

"माझ्यासारखे तरुण," डॅड म्हणाला.

"म्हणजे सावकाश न्यायचे. कुत्री?"

"दोन."

"चालतील. कुत्री माणसांपेक्षा बरी, ऐकतात तरी. कुणाच्या नावाने धरू?"

"लँगवाथ."

तिचे हात थांबले नाहीत. "मग नाही जमणार."

"त्या तारखेला नाही का?"

"तारीख मोकळी आहे. तुम्ही नको."

डॅड हसला. त्याला वाटलं गंमत चालली आहे. "अहो बाई, त्या वाटेला आमचं नाव आहे!"

"वाटेला तुमचं नाही साहेब, तुम्हाला वाटेचं. तुमच्या बायका माहेरच्या नावाने आल्या तर आनंदाने नेते. कुणी स्मिथ जावई असेल तर त्याला खांद्यावर बसवून नेते. लँगवाथला नाही नेत. आजोबांनी एकदा नेलं होतं."

"मग काय झालं?"

"मग माझे वडील पंधराव्या वर्षी वाटाड्या झाले."

परतताना डॅड गाडीत धुमसत होता. "आडनाव विचारून माणसं नाकारते! कौन्सिलकडे तक्रार करतो. हॉटेलवाल्याने असं केलं तर चाललं असतं?" मी म्हणाले, तक्रार करण्याआधी तिचं कारण काय ते विचारायला हवं होतं. तो म्हणाला, "तू विचार. तुला लोक उत्तरं देतात. घाबरून."

४ सप्टेंबर

नमुन्यांचे निकाल आले. तेवीस पुरुष, अकरा घराणी.

एखाद्या घराण्यात मधे कुठेतरी दत्तक असतो किंवा गुपित असतं, म्हणून एखाददुसरा फटकून निघणं अपेक्षितच. इथे अकरा घराण्यांचे दहा वेगवेगळे वंश निघाले. डॅडचा आणि कॅनडाच्या गॉर्डन लँगवाथचा संबंध जोडायचा तर हजारो वर्षं मागे जावं लागेल. तेवढा माझा आणि टपालवाल्याचाही निघेल. हा गॉर्डन डॅडला दर रविवारी फोन करून "भाऊराया" म्हणतो.

एका नावाला दहा बाप. नमुन्यांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता आधी तपासायला हवी. दुसऱ्या प्रयोगशाळेकडे अर्धे नमुने पाठवले.

डॅडने विचारलं, "आलं का काही?"

"अजून तपासणी चालू आहे," मी म्हणाले. हे खरंच होतं.

११ सप्टेंबर

पेगकडे एकटी गेले.

"फुकट ऐकायचं नाही, हात चालव," म्हणत तिने टोपली पुढे सरकवली. मी सोलायला लागले. थोडा वेळ बघून म्हणाली, "पोरी, तू सोलतेस की ऑपरेशन करतेस?"

मी तिला सांगितलं की रक्त जुळत नाही. तिला नवल वाटलं नाही.

"कसं जुळेल? इथे रेल्वेचा पूल नव्हता तेव्हा सगळी रहदारी वाळूवरून. गाड्या, घोडे, बाजारकरी, लग्नाची वऱ्हाडं. वाळूमधली पाण्याची धार एका जागी राहत नाही, रात्रीतून सरकते. गाडीच्या गाडी गडप व्हायची. मग कुणीतरी सापडायचं. कोण, कुठलं, कुणाला माहीत? पाद्री विचारायचा, सापडलं कुठे? आणणारे म्हणायचे, लँगवाथवर. तेच नाव. मेलेल्याला दगडावर, जगलेल्याला शाळेच्या हजेरीत."

"जगलेले म्हणजे?"

"मुलं. आईबाप उचलून धरतात ना, शेवटपर्यंत. आमची माणसं होडी घेऊन पोचायची तेव्हा पाण्यावर तेवढे हात राहिलेले असायचे. मूल कधीकधी कोरडंसुद्धा असायचं म्हणतात."

मी तीनचार कोळंब्या सोलल्या. मग म्हणाले, "पण यात लँगवाथांना वाळूवर न नेण्याचं कारण कुठे आलं?"

"ती मुलं इथेच मोठी झाली. खिडकी उघडली की वाळू. लोक रोज सांगणार, तुझी माणसं तिथे गेली. मग एक दिवस ती बघायला जातात. काय बघणार? काही नसतं. पण शोधणारा माणूस पाण्याकडे बघत नाही, पोरी. वाळूवर एकच नियम आहे. शिट्टी झाली की हातातलं टाकून माझ्याकडे वळायचं. बूट रुतला तर बूट सोडायचा, टोपी उडाली तर टोपी सोडायची. लँगवाथ शिट्टीला वळत नाही."

"हे तुमच्या आजोबांचं मत?"

"आजोबांनी नेली ती बाई शाळामास्तरीण होती. शहाणी, हिशेबी. अर्ध्या वाटेत म्हणाली, तिकडे कुणीतरी उभं आहे. आजोबांनी शिट्टी वाजवली. सगळे वळले, ती नाही वळली. आजोबा तिला आणायला गेले."

"तिकडे कुणी होतं का?"

पेगने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"हे विचारतेस ना," ती म्हणाली, "म्हणून नाही नेत."

निघताना तिने बरणीभर कोळंबी लोण्यात घालून दिली. माझं निरीक्षण: तीन पिढ्यांत घडलेल्या एका घटनेवर नियम उभा करता येत नाही. नावाच्या उगमाबद्दल मात्र तिचं म्हणणं माझ्या आकड्यांशी पूर्ण जुळतं.

१९ सप्टेंबर

दुसऱ्या प्रयोगशाळेचा निकालही तोच. चूक नाही.

डॅडला सांगायला हवं. आज गेले होते, पण बैठकीच्या खोलीत चहाच्या कपांची खोकी रचलेली होती. प्रत्येक कपावर कुलचिन्ह: ढाल, भाला आणि पाण्यातून जाणारा घोडा. "घोडा सरदाराचा," डॅड म्हणाला. त्याने मला भाषण वाचून दाखवलं. 'याच वाळूवरून आपला आदिपुरुष हातात भाला घेऊन या भूमीवर आला.' वाचताना त्याचा आवाज दोनदा अडकला. आईच्या दफनाच्या वेळी अडकला नव्हता.

वाळू पार करायचा बेत रद्द केला आहे. रविवारी सगळे रेल्वेने पुलावरून होमरिगला जाणार. कुलवृत्तांतातल्या नकाशासाठी त्याने मला लँगवाथची नेमकी जागा काढून मागितली. जुन्या नकाशांवरून मी ती काढून दिली.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज सांगितलं. जेवणात निकाल जाहीर करायचा होता, त्यामुळे आणखी थांबता आलं नसतं.

दुपारी ऑर्मबँकच्या अतिथिगृहात त्याच्या खोलीत गेले. तो आरशासमोर टाय बांधत होता. खाली हॉलमध्ये सगळे जमले होते, हसणं वर ऐकू येत होतं.

"डॅड, निकाल जुळत नाहीत."

"कुणाशी?"

"कुणाचेच कुणाशी."

तो आरशातून माझ्याकडे बघत हसला. "म्हणजे आपल्या सगळ्या पणज्यांनी मजा केली म्हण की!"

"नाही. एवढ्या पणज्या आकडेवारीत बसत नाहीत."

मग पेगने सांगितलेलं सांगितलं. क्रमाने, माझ्याकडून भर न घालता. तो पलंगावर बसला. एका पायात बूट होता, दुसरा हातात.

हातातला बूट फिरवत म्हणाला, "किती वर्षांचा असेल?"

"कोण?"

"जॉन. आपला पहिला. त्याच्या आईबापांना मी वीस वर्षं कागदांत शोधतोय. मला वाटायचं पानं गहाळ झाली."

"वय रक्तावरून कळत नाही, डॅड."

"पण लहान असणार. उचलता येण्याएवढा."

"तसं अनुमान काढता येईल."

"आणि ती दोघं तिथे होती. हात वर करून."

"तो ऐकीव तपशील आहे," मी म्हणाले. "पुरावा नाही."

त्याने मान हलवली. मला वाटलं तो चिडेल, निदान सरदारासाठी वाद घालेल. सरदाराचं त्याने नावही काढलं नाही. दुसरा बूट चढवला, नाडी नीट बांधली आणि म्हणाला, "माझी माणसं सापडली, मेरिअल." मला तो नेहमी पोरी म्हणतो.

जेवणात भाषण झालं नाही. तो उठला आणि म्हणाला, "आज पोटभर जेवा, उद्या बोलू." गॉर्डनने "भाऊराया!" म्हणून पाठीवर थाप मारली तेव्हा डॅडने त्याला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलंच नाही. गॉर्डन त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत डोळा मारत होता, याला जास्त झाली म्हणून. डॅड प्यायला नव्हता.

पुडिंग येईपर्यंत त्याने मला दोन गोष्टी विचारल्या. लँगवाथची जागा नेमकी कुठे, आणि उद्या ओहोटीचं पाणी सगळ्यांत खाली कधी जातं. मी दोन्ही सांगितलं. जागा त्याने फोनमध्ये भरून घेतली. म्हणाला, बांधावरून बघून येतो, मग रेल्वेला आहेच.

दोन्ही उत्तरं बरोबर होती. नंतर पुन्हा पडताळून पाहिली.

२८ सप्टेंबर

डॅड न्याहारीला आला नाही. त्याचे गमबूट दारात नाहीत. बांधावर चिखल असतो.

२९ सप्टेंबर

फोनबद्दल लिहून ठेवते, कारण पोलिसांनी विचारलं आणि मला शब्द जसेच्या तसे आठवायला हवेत.

मी बांधाच्या पायऱ्यांवर होते. फोन आला तेव्हा डॅड मला दुर्बिणीशिवायही दिसत होता, एक उभी रेघ. वारा कमी होता, आवाज स्वच्छ होता.

"पोरी, इथे काय शांत आहे ग."

"डॅड, पाणी फिरलंय. निघ."

"निघतो. तू दिलेल्या जागेवर उभा आहे. काहीच नाही इथे. नुसती वाळू, बघ."

"मग निघ."

मग म्हणाला, "थांब. तिकडे कुणीतरी आहे."

"खांब असेल. जुने खांब आहेत वाळूत."

"हात वर केलाय त्याने."

तेवढ्यात पेग आली. धावत आली होती, पायात घरातल्या चपला. तिने माझ्या हातातल्या फोनकडे बघितलंच नाही, शिट्टी वाजवली. फोनमधूनही ती मला ऐकू आली, जरा उशिराने. पुन्हा वाजवली. डॅडने हात वर केला. आमच्याकडे बघून केला की समोर बघून, ते अंतरावरून सांगता येत नाही. मग तो चालायला लागला. किनाऱ्याकडे नव्हे.

तिसऱ्या शिट्टीनंतर पेगने ती खिशात ठेवली. ट्रॅक्टर काढ म्हणून मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "धार मधे आली. आता कुणी नाही जायचं." नंतर होडी आली, हेलिकॉप्टर आलं.

दुर्बिणीतून मी सबंध वेळ बघत होते. वाळूवर मला एकच माणूस दिसला. हे मी पोलिसांना सांगितलं. ते खरं आहे.

३ ऑक्टोबर

संमेलनाची माणसं गेली. बहुतेक जण मला मिठी मारून गेले. एकाचंही रक्त माझ्या रक्ताशी जुळत नाही आणि सगळे रडत होते. गॉर्डन कप घेऊन गेला. त्याला कुणी निकाल सांगितलेला नाही, आणि आता मी सांगणार नाही.

मी रजा वाढवून घेतली. अतिथिगृहाच्या बाईंना सांगून खोली बदलली. पहिलीची खिडकी रस्त्याकडे होती.

५ ऑक्टोबर, रविवार

शोध थांबवला. तसं मला सभ्य भाषेत सांगण्यात आलं: आता भरतीच काय ते आणेल.

दुपारी पाद्रीसाहेब येऊन गेले. भला माणूस आहे, टोपी हातात धरून बसला. काही सापडलं नाही तरी रांगेच्या टोकाला दगड बसवता येईल, म्हणाला, वडिलांनी जागा सांगून ठेवलीच होती. "पूर्ण नाव घालू ना? एड्विन लँगवाथ?"

मी म्हणाले, घाई करू नका. सापडलेले नाहीत अजून.

पेग संध्याकाळी आली. आत बसली नाही.

"कधी निघतेस?"

"ठरलं नाही."

"उद्या निघ. पुलावरून जाणाऱ्या गाडीने जाऊ नकोस. बस पकड, आतल्या रस्त्याची. आणि पोरी, तिकडे पोचलीस की लग्न कर कुणाशी तरी, निदान नाव तरी बदल."

"नाव बदलून काय होणार? रक्तात काही नाही, मी तपासलंय."

"रक्ताचं कोण म्हणतंय?" ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. मग तिने माझ्या खांद्यावरून खिडकीकडे, खिडकीशी ओढून ठेवलेल्या खुर्चीकडे आणि चौकटीत ठेवलेल्या दुर्बिणीकडे बघितलं आणि जिना उतरून गेली.

तिला वाईट वाटतंय हे मला समजतं. पण तिचा तर्क चुकीच्या ठिकाणी थांबतो. डॅड वळला नाही, कारण त्याला काहीतरी दिसलं. काय दिसलं हे कुणीच तपासलेलं नाही. शोधपथकाने पाणी आणि किनारा धुंडाळला. ती जागा, ओहोटीत, उभं राहून कुणी पाहिलेली नाही.

आज ओहोटीला त्या जागेच्या किंचित डावीकडे एक उभी वस्तू दिसत होती. खांब असावा. मागच्या आठवड्यात मी तिथे खांब नोंदवलेला नाही. प्रकाश बदलल्यावर दोन दिसले. दुर्बिणीच्या भिंगांवर आर्द्रता साचते, त्याने असं होऊ शकतं.

६ ऑक्टोबर, सोमवार

पेगला पत्र लिहिलं. तोंडी विचारलं तर ती ऐकून घेणार नाही. उद्या तिच्या दारातून आत सरकवीन. नक्कल इथे ठेवते.

पेग टायसन यांस,

शनिवारी, ११ ऑक्टोबरला, सकाळच्या ओहोटीत मला लँगवाथच्या जागेवर जायचं आहे. तुम्ही न्यावं अशी विनंती आहे.

तुमचा नियम मला माहीत आहे आणि तो का आहे हेही तुम्ही सांगितलं आहे. म्हणून आधीच स्पष्ट करते. मी शोधायला जात नाही. इतक्या दिवसांनी तिथे काय सापडू शकतं आणि काय नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे. मला एक गोष्ट पडताळायची आहे. माझे वडील शेवटी जिथे उभे होते तिथे उभं राहून, ते ज्या दिशेला बघत होते त्या दिशेला बघायचं आहे. त्याला फार वेळ लागणार नाही.

भरतीचं गणित मी स्वतः केलं आहे आणि तुमच्याकडूनही तपासून घेईन. तुम्ही रोवाल त्या डहाळ्यांच्या बाहेर मी पाऊल टाकणार नाही. शिट्टी वाजली की वळेन. मी माझ्या वडिलांसारखी नाही, हे तुम्ही पाहिलं आहे. हवं तर आपल्या दोघींच्या कमरेला एक दोरी बांधू. दोरी मी आणेन.

शनिवारी सकाळी मी बांधावर असेनच.

तुम्ही येणार की नाही, ते शुक्रवार, १० ऑक्टोबर दुपारपर्यंत कळवावं.

मेरिअल लँगवाथ